अंगठा आणि सही

बँकेत असताना मी एका निवृत्त गुरुजींची सही नाकारली होती. त्यांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली होती. घरी डाव्या हाताने सराव करून ते पेन्शन काढायला आले होते. नमुना-कार्डावरची वळणदार सही आणि स्लिपवरची थरथरती रेघ यांचा मेळ बसेना. "गुरुजी, अंगठा द्या, सोपं पडेल," म्हणत मी शाईचा पॅड पुढे सरकवला. नियमाने मी चोख होतो. (रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराच्या पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो, साक्षीदार दोन, त्यातला एक बँकेचा अधिकारी.) नवी नमुना-सही घेता आली असती. ते मला सुचले नाही. गुरुजी त्यानंतर कायम अंगठाच देत राहिले.

परवा ही हकीकत मी व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, शिकवणाऱ्या एका परिचित प्राध्यापिकांना सांगितली. त्या म्हणाल्या, "हातात ताकद किती आली हे मोजणारे पुष्कळ आहेत. त्या हाताने या माणसाला काय करायचंय, हे विचारायला मी मुलांना शिकवते."

'व्यवसाय' या शब्दाने आपण फसतो. इथे त्याचा अर्थ सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळे: दात घासणे, भाकरी थापणे, लुगडे नेसणे, सही करणे. देशातली या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन होत्या.

पुनर्वसनाच्या संशोधनात १९६५ची बार्थेल मोजपट्टी आजही वापरात आहे. बाबी दहा, गुण शंभर. जेवणाच्या बाबीत सुरीने कापणे आणि लोणी लावणे यांचा विचार आहे. आमची आजी एका हाताने भाकरी मोडायची, चुलीपुढे उकिडवी बसायची. तिला या पट्टीवर कसे मोजायचे? पट्टी करणाऱ्यांचा मात्र दोष नाही. शंभर गुण मिळाले म्हणून माणूस एकटा राहू शकेल असे नाही, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणून या बाई विद्यार्थ्यांना रुग्णाच्या घरी पाठवतात. उंबरठा किती उंच, मोरी किती निसरडी, हंडा कोण उचलते, याच्या नोंदी मुले आणतात. त्यांचे संशोधन अशा वह्यांतून उभे राहते.

२०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात हे उपचारकही आले. चांगले झाले. पण नोंदवहीत नाव चढल्याने उपचारक तालुक्याच्या गावी पोचत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांची यादी देतात. हाताचे काय करायचे, याचा कागद मी तरी आमच्या आप्तेष्टांपैकी कुणाकडे पाहिला नाही.

निघताना बाईंनी विचारले, "त्या स्लिपवर नाव पुरं होतं का हो?"

होते. आडनावासकट. खाली दोन टिंबे द्यायची गुरुजींची जुनी सवय होती, तीही दिलेली होती.