बोलीचा आकडा आणि तालमीचा वाटा

खेळाडूंच्या लिलावाचा दिवस उजाडला की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ जागे होतात. एका पक्षाला कोटींचे आकडे कानी पडताच कृतकृत्यता वाटते, तर दुसऱ्याला माणसांची बोली लागताना पाहून संस्कृती बुडाल्याचा साक्षात्कार होतो. आणि या दोहोंच्या कोलाहलात, ज्या गावच्या मैदानावर, ज्या मंडळाच्या खर्चाने आणि ज्या वस्तादाच्या नजरेखाली तो खेळाडू घडला त्यांच्या पदरात या व्यवहारातून काय पडले, हा विचारण्याजोगा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे खेळाडू घडविण्यात कधी मागे राहिले नाहीत, म्हणून तो येथेच प्रथम विचारला जावा हे उचित होय.

खेळाडूने मोबदल्यासाठी एक संघ सोडून दुसऱ्यात जावे, यात नवे किंवा निंद्य असे काही नाही. १९१५ साली सांगलीत जन्मलेले विजय हजारे रणजी सामन्यांत प्रथम महाराष्ट्रातर्फे, मग मध्य भारतातर्फे आणि पुढे दीर्घकाळ बडोद्यातर्फे खेळले. देवासच्या अधिपतींचा आश्रय त्यांना लाभला आणि ऑस्ट्रेलियाचा विख्यात फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शनही मिळाले. त्या काळी संस्थानिक गुणी खेळाडूला फौजेत हुद्दा आणि तनखा देऊन आपल्या पदरी ठेवीत. होळकरांच्या लष्करातील हुद्देदार सी. के. नायडू यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद या जोडीने होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली, तेव्हा दोन संघांइतकीच दोन दरबारांच्या औदार्याची स्पर्धा मैदानावर चालली होती. हाही एक बाजारच होता. फक्त त्यातील बोली पडद्याआड लागत असे आणि रक्कम जाहीर होत नसे.

राजाश्रय संपला आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था उभी राहिली नाही, या मधल्या काळाचे शल्य कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांइतके कोणी भोगले नसेल. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी लागणारी रक्कम त्यांना लोकवर्गणीतून उभी करावी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन हा मल्ल परतला तेव्हा गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पण ऋण फेडण्यासाठी त्याला पुन्हा आखाड्यातच उतरावे लागले, आणि पोटापाण्याची सोय लागली ती १९५५ साली पोलीस खात्यात. सत्काराला गाव आणि कर्जाला एकटा पैलवान, ही विभागणी आपण फार निमूटपणे मान्य केली आहे.

कुस्तीच्या मैदानाचा जमाखर्च कसा चालतो हे जवळून पाहावयाचे तर यात्रेच्या हंगामात कुंडल किंवा पलूसकडे जावे. दुपारी रेवडीवरच्या पोरांच्या कुस्त्या सुरू होतात, मग शंभर-पाचशेच्या जोडी लागतात, आणि दिवस कलता कलता हलगीचा ताल चढला की पत्रकावर ठळक फोटो छापलेली एक नंबरची जोड लाल मातीत उतरते. त्या फोटोंखाली इनामाची रक्कम आणि ती देणाऱ्या धन्याचे नाव छापलेले असते. मधेच कोणी शौकीन निवेदकाच्या हाती नोट ठेवून आपल्या नावाने जादा इनाम पुकारवून घेतो, आणि निकाली कुस्ती करणारा पोरगा अंगावरच्या मातीसह कडेने फेरी मारतो तेव्हा प्रेक्षक त्याच्या मुठीत यथाशक्ति नोटा कोंबतात. हा सोहळा मोठा लोभस आहे, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. परंतु दूध, तूप आणि बदामाचा खुराक बारमाही लागतो व इनाम हंगामी असते. खांदा निखळून वर्ष वाया गेले तर त्या पैलवानाने दाद मागावी असा एकही करारनामा त्याच्या ट्रंकेत नसतो. २०२२ साली साताऱ्यात भरलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा विजेता पृथ्वीराज पाटील याने, मानाची गदा मिळाली पण रोख बक्षीस मिळाले नाही, असे जाहीरपणे सांगितले, तेव्हा कुस्तीची सर्वोच्च गादीसुद्धा केवळ शब्दावर उभी आहे हे महाराष्ट्राला कळून चुकले.

या पार्श्वभूमीवर लिलावाकडे पाहिले म्हणजे त्याच्यावरचा बराचसा राग ओसरतो. प्रो कबड्डीच्या २०१४ सालच्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०१७ मध्ये वाळवा तालुक्यातील कासेगावच्या काशिलिंग आडकेसाठी यू मुंबाने ४८ लाख मोजले, २०१९ मध्ये चंदगडकडच्या सिद्धार्थ देसाईची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगच्या पहिल्याच लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाख, म्हणजे त्या दिवसाची सर्वोच्च रक्कम, मिळाली. ही रक्कम जाहीर होते, तिची मुदत ठरते आणि तिच्यावर कर भरला जातो. गुडघा एकदा दुखावला की चढाईपटूची कारकीर्द कोणत्या क्षणी संपेल याचा नेम नसतो. तेव्हा त्याने उमेदीच्या काळात मिळेल तितके मिळवावे, यात लोभ पाहणे अन्यायाचे ठरेल.

तथापि लिलाव म्हणजे संपूर्ण व्यवस्था नव्हे. मानधना ज्या ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन, होबार्ट, सिडनी आणि ॲडलेड अशा चार नगरांच्या संघांतून खेळली, तेथील रिवाज या बाबतीत विचार करण्याजोगा आहे. तेथील क्रिकेटपटूंची संघटना मंडळाशी सामुदायिक करार करते आणि उत्पन्नातील हिस्सा हक्काने मागते. जून २०१७ अखेर जुन्या कराराची मुदत संपली तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडू काही आठवडे बेरोजगार राहिले, पण त्यांनी आपली मागणी सोडली नाही. आणि ऑगस्टमध्ये झालेल्या तहात स्त्री-खेळाडूंचा प्रथमच त्याच करारात समावेश झाला. त्या देशाच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक क्लबाच्या वेतनखर्चावर १९८७ पासून मर्यादा आहे, आणि खेळाडू रोख किमतीने विकला न जाता दुसऱ्या खेळाडूच्या किंवा भावी निवडीच्या हक्काच्या बदल्यात संघ बदलतो. बाजार आणि मर्यादा एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा होय.

आमच्या मुद्द्याला अधिक जवळचा नियम जागतिक फुटबॉलचा आहे. खेळाडू कराराच्या मुदतीत एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबाकडे गेला आणि त्यासाठी शुल्क मोजले गेले, तर त्या शुल्काचे पाच टक्के, बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला ज्या ज्या क्लबांनी शिकविले त्यांच्यात, वर्षांच्या हिशेबाने वाटावे लागतात. कोवळ्या वर्षांना थोडा आणि सोळाव्या वर्षापासून पुढच्या वर्षांना दुप्पट वाटा, असे कोष्टकही ठरलेले आहे. आपल्याकडील लिलावात एक भेद आहे, तो नजरेआड करून चालणार नाही: फुटबॉलमधील शुल्क जुन्या क्लबाला जाते, तर आपल्या लिलावातील रक्कम हे खेळाडूचे वेतन असते. म्हणून हा वाटा खेळाडूच्या पैशातून कापणे गैर होईल. तो बोली जिंकणाऱ्या संघमालकाने वर भरला पाहिजे. या हिशेबाने काशिलिंगच्या ४८ लाखांवर २ लाख ४० हजार आणि सिद्धार्थच्या बोलीवर ७ लाख २५ हजार इतकी रक्कम होते. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या संघमालकाला ती जाणवणारही नाही. परंतु मॅटच्या भाड्यासाठी आणि स्पर्धेच्या एस्टीभाड्यासाठी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या मंडळाचे एक-दोन हंगाम तिच्यात सहज निभावतील.

यावर आक्षेप येणार, आणि ते पोकळ नाहीत. मुलगा नावारूपाला आला की चार मंडळे त्याच्यावर हक्क सांगतील, पैसे पदाधिकाऱ्यांच्या खिशात जिरतील, आणि जुने वस्ताद बाजूला राहून नवे कार्यवाह धनी होतील, हे भय अनुभवातूनच उपजलेले आहे. परंतु त्यावरचा इलाज हक्क नाकारण्यात नसून नोंद ठेवण्यात आहे. कोणता मुलगा कोणत्या वर्षी कोणत्या मंडळातून खेळला याची दरसाल नोंद जिल्हा संघटनेच्या दप्तरी असली, आणि रक्कम फक्त मंडळाच्या बँक खात्यावर जमा होऊन तिचा हिशेब वार्षिक सभेत वाचून दाखविला गेला, तर निम्म्याहून अधिक तंटे मुळातच उद्भवणार नाहीत.

स्पर्धेच्या चालकांनी असा नियम आपण होऊन करावा, अशी भाबडी अपेक्षा आम्ही बाळगीत नाही. तो मागावा लागेल, आणि मागणाऱ्याच्या हाती कागद असावा लागेल. म्हणून सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कबड्डी व कुस्तीच्या संघटनांना आमची विनंती एवढीच की, बारा वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीची नोंदवही त्यांनी याच हंगामापासून सुरू करावी, आणि तिची एक प्रत त्या त्या मंडळाला व तालमीला सही-शिक्क्यानिशी द्यावी.