सहा दिवसांची रजा

युद्धकाळातली प्रेमकथा म्हटली की काही गोष्टी ठरूनच गेलेल्या असतात. स्टेशनवरचा निरोप, खिशातले पत्र, एक विरहगीत आणि शेवटी तार. कुठे रुमाल काढायचा, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. ग्रिगोरी चुखराय या रशियन दिग्दर्शकाचा १९५९ सालचा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ हा कृष्णधवल चित्रपट मात्र सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो, की हा मुलगा परत येणार नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याची आई उभी आहे आणि मुलाला दूर, परक्या मुलखात मूठमाती मिळालेली आहे. शेवट असा आरंभीच हातावर ठेवल्यावर उरते काय? उरतात सहा दिवस. मिसरूड फुटण्याच्या वयावर आणि युद्धावर एकाच वेळी इतके खरे बोलणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

अल्योशा स्क्वोर्त्सोव एकोणीस वर्षांचा. रणगाडा अंगावर येतो तेव्हा तो जिवाच्या आकांताने पळत सुटतो आणि पळता पळता हाती लागलेल्या रणगाडाविरोधी बंदुकीने दोन रणगाडे निकामी करतो. जनरलसमोर उभा राहून सांगतो काय, तर मी घाबरलो होतो! पदकाऐवजी तो आईला भेटून येण्याची परवानगी मागतो, कारण घर गळते आहे असे आईचे पत्र आले आहे. जनरल सहा दिवस देतो. दोन जायला, दोन यायला आणि दोन घर शाकारायला.

बँकेत रजेच्या अर्जांवर सह्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे असेल, पण हा चित्रपट मला नेहमी एका रजेचा हिशेब वाटतो. वाटेत एक पाय गमावलेला सैनिक भेटतो. अशा अवस्थेत बायकोपुढे उभे राहण्याचा त्याला धीर होत नाही. त्याच्यासाठी अल्योशा थांबतो आणि स्वतःची गाडी चुकवतो. पुढे पावलोव नावाच्या सैनिकाने घरी द्यायला दिलेल्या दोन साबणवड्या पोचवण्यात वेळ जातो. त्या काळात साबण म्हणजे चैन. सबंध तुकडीचा साठा होता तो! शिल्लक दर स्टेशनला कमी होत जाते, पण काढणारा हात आखडत नाही.

या साबणाच्या प्रसंगाबाबत माझे दिग्दर्शकाशी थोडे भांडण आहे. पावलोवची बायको दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते आहे हे कळताच अल्योशा दिलेल्या वड्या परत घेतो आणि पावलोवच्या आजारी म्हाताऱ्या वडिलांना नेऊन देतो. त्यांच्या समाधानासाठी थोडे खोटेही सांगतो. ते खोटे मला मान्य आहे. पण त्या बाईला चित्रपटाने फार लवकर निकालात काढले. ती तशी का वागली, एवढे विचारायला दोन मिनिटे द्यायला हवी होती. एकोणीस वर्षांचा मुलगा न्यायनिवाडा तडकाफडकीच करणार, हे खरे. दिग्दर्शकाचे वय मात्र एकोणीस नव्हते.

आणि शूरा. मालगाडीच्या डब्यात, गवताच्या गंजीआड लपलेल्या अल्योशाला पाहून ती इतकी घाबरते, की धावत्या गाडीतून उडी टाकायला निघते. मग हळूहळू भीती ओसरते, भाकरी वाटून खाल्ली जाते. आपण जखमी वैमानिक असलेल्या वाग्दत्त वराला भेटायला चाललो आहोत, असे ती सांगते. ते खोटे असते. तरुण मुलीने परक्या पुरुषाबरोबर प्रवास करताना बाळगलेले ते कुलूप. निरोप घेताना ती ते काढून ठेवते, असा कोणी नाहीच म्हणून सांगते. अल्योशा ऐकतो आणि गाडीत चढतो. गाडी बरीच पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात येते, की ती तिच्या प्रेमाची कबुली होती आणि आपण उत्तरच दिले नाही.

मुलगा वयात येतो तो क्षण हा. रणगाड्यांचा नव्हे. शांततेच्या काळात असे उशिरा उमगलेले पत्राने सांगता येते, पुढच्या रविवारी जाऊन भेटता येते. युद्ध माणसे मारते हे सगळेच चित्रपट दाखवतात. युद्ध हा ‘पुढचा रविवार’ काढून घेते, हे चुखरायने दाखवले. म्हणूनच या चित्रपटाला नुसते निरागस, गोड म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. रणगाडे आणि बॉम्ब सोडले तर शत्रू इथे जवळजवळ दिसतच नाही, पण युद्ध कुठे संपतही नाही.

चुखराय स्वतः त्या युद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून लढला, जखमी झाला. त्याच्या वयाचे असंख्य जण परतले नाहीत. नायक-नायिकेच्या भूमिकांसाठी आधी निवडलेले अनुभवी नट बदलून त्याने व्लादिमीर इवाशोव आणि झान्ना प्रोखोरेंको ही विशीच्या आतली, चित्रपटविद्येचे शिक्षण घेणारी मुले घेतली. चित्रपटाला पुढे कान महोत्सवात सन्मान मिळाला, पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले. पण खरा शहाणपणाचा निर्णय हा नट बदलण्याचाच. त्या दोघांच्या चेहऱ्यांवर अभिनयाआधी वय दिसते.

आपल्याकडच्या युद्धपटांत नायक पहिल्या दृश्यापासूनच पुतळा झालेला असतो. घरात सोळा-सतरा वर्षांची मुले असतील, तर त्यांच्याबरोबर बसून हा चित्रपट जरूर पाहावा. दीड तासाचाच आहे. घाबरणारा शूर मुलगा त्यांनी पाहिलेला बरा.

शेवटी अल्योशा गावी पोचतो तेव्हा हाताशी दिवस नाहीत, मिनिटे आहेत. आई शेतातून धावत येते. घर शाकारणे राहूनच जाते. वाटेत थांबवलेली मोटार खोळंबली आहे आणि इतक्या महिन्यांचे साठलेले बोलणे सोडून ती माउली त्याच्याकडे निरखून पाहत विचारते, की तू आता दाढी करायला लागलास का?