सगळं तिकिटात, उडी मात्र आपली

उन्हाळ्याच्या सुट्टीची माहितीपत्रकं घरात यायला लागली की एक शब्द पानोपानी दिसतो : ‘ऑल इन्क्लुझिव्ह’. आपल्याकडे थाळीच्या पाटीवर ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असतं ना, त्याचाच हा युरोपी भाऊ. एकदा पैसे मोजले की पुन्हा पाकिटात हात घालायचा नाही. मराठी माणसाला हे फार पटतं. आता हॉटेलातून हा शब्द बोटीवर चढलाय. ‘काटामारानवर दिवसभर, पोहण्यासह’ अशी सहल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल, निदान पत्रकातला निळा फोटो तरी पाहिला असेल.

जर्मन मंडळींसाठी या प्रकाराचं माहेरघर म्हणजे मायोर्का. त्या बेटाला इथे गमतीनं ‘सतरावं राज्य’ म्हणतात. (खरी राज्यं सोळा.) दिवसाचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सकाळी बस हॉटेलच्या दारात, मग बोट, एकदोन खाड्यांमध्ये नांगर, पोहणं, दुपारचं जेवण, पेयं हवी तेवढी, पाण्याखालचं बघायला चष्मा आणि नळी, आणि उन्हं उतरताना परत. जर्मनीतच राहायचं असेल तर ओस्टझेच्या किनाऱ्यावर कप्तानासकट पालाची बोट दिवसाच्या भाड्यानं मिळते. तीन-चार कुटुंबांनी मिळून घेतली तर परवडते. तिथे एकच गोष्ट तिकिटात नसते, ती म्हणजे ऊन.

बोडनझेवर फ्रीडरिक्सहाफेन ते कोन्स्टान्झ अशी काटामारान २००५ सालापासून धावते, पण तिच्या भरवशावर टॉवेल घेऊन जाऊ नका. ती म्हणजे पाण्यावरची एस-बान. लोक बॅगा घेऊन बसतात आणि पलीकडे उतरून कामाला जातात.

काटामारान हा शब्द मूळचा आपल्याच बाजूचा, तमिळ ‘कट्टुमरम’वरून आलेला. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे झाड, लाकूड. बांधलेले ओंडके. आताच्या काटामारानला दोन अरुंद नावा शेजारी शेजारी आणि मधे रुंद फळी. कोकणातल्या होडीला तोल राखायला उलांडी लावतात, त्याच जातीचा विचार. दोन पायांवर उभी असल्यामुळे ती वाऱ्यानं एका कुशीवर फारशी कलत नाही. शिडाच्या साध्या बोटीत पेला हातात धरून बसावं लागतं, इथे तो टेबलावर राहतो. पुढच्या बाजूला दोन नावांमध्ये जाळं ताणलेलं असतं. त्यावर पालथं पडून खालचं पाणी बघत राहणं हा सगळ्या सहलीतला मला सर्वांत आवडणारा उद्योग, आणि त्याला पोहता यावं लागत नाही. बोट खोल बुडालेली नसल्यामुळे ती किनाऱ्याच्या बरीच जवळ जाऊ शकते. मात्र बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी ‘कलत नाही’ एवढ्यावर विसंबू नये. लाटा आल्या की ती कलण्याऐवजी हिसके देते. गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, चेहरा हिरवा झाल्यावर नाही.

जेवणाबद्दल थोडक्यात. ‘सगळं’ या शब्दात शाकाहार गृहीत धरू नका. नोंदणी करतानाच सांगा, नाहीतर जाळीवर भाजलेल्या कोंबडीशेजारचा पाव आणि काकडी एवढंच ताटात येईल. आपल्या बायका हे ओळखून असतात आणि पिशवीच्या तळाशी दशम्या आणि लसणीची चटणी असतेच. कप्तानाला आधी विचारलेलं बरं, बाहेरचं खाणं काही बोटींवर चालत नाही.

आता मुद्द्याचं. खाडीत शिरल्यावर कप्तान पाण्याचा रंग बघत फिरतो. गडद दिसतं तिथे तळाशी समुद्री गवत असतं. बलेआर बेटांत पोसिडोनिया नावाच्या या गवतावर नांगर टाकायला २०१८ पासून बंदी आहे, म्हणून तो फिकट निळा, वाळूचा तुकडा शोधतो. नांगर पडतो, इंजिन बंद होतं आणि मागची शिडी पाण्यात सोडतात. पुढचं दृश्य मी निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या मंडळींबरोबर पाहिलंय आणि ते फारसं बदलत नाही.

सत्तरीच्या जर्मन आजीबाई काही न बोलता शिडीकडे जातात, पाठमोऱ्या उतरतात आणि डोकं वर ठेवून संथपणे लांब निघून जातात. आपली मुलं तोवर तीनदा उडी मारून परत वर आलेली असतात. दोन्ही पाय पोटाशी घेऊन धप्पकन पडायचं, ज्याला आपण मुटका म्हणतो, त्याला या मुलांकडे एक असभ्य जर्मन शब्द आहे. तो इथे छापत नाही, ज्यांना मुलं आहेत त्यांना माहीत आहे. मग पुरुष जातात, दोन कठडा धरून, एक सूर मारून. आणि आपल्या बायका? त्या चष्मे, घड्याळं, पाकिटं, कोरडे कपडे यांची राखण करत सावलीत बसतात. ‘तुम्ही जा हो, मी बघते सामान.’ भर समुद्रात नांगरलेल्या बोटीवरून सामान कोण चोरणार, हे कुणी विचारत नाही.

याला नुसती लाज म्हणून सोडून देता येत नाही. आमच्या पिढीत गावाकडची विहीर मुलग्यांची होती. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून काका त्यांना पाण्यात ढकलायचे आणि चार दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. मुली काठावर. शहरात पुण्याला टिळक तलाव होता, दादरला शिवाजी पार्कचा तलाव होता, तिथे काही मुली जायच्या, पण ज्या घरांतून जायच्या ती घरं मोजकी. मग लग्न, मग जर्मनी. इथे मुलं पाच-सहा वर्षांची झाली की पोहण्याचा वर्ग आला. आणि तिथे आई काय करते? दर गुरुवारी दुपारी, कपड्यांसकट, तिशी अंशांच्या दमट हवेत, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते. टॉवेल, केस वाळवायचं यंत्र, केळं, दुसरं केळं. दोन मुलांची मिळून अशी चार-पाच वर्षं. ‘झेपफेर्डशन’ या पहिल्या बिल्ल्याच्या अटी तिला तोंडपाठ असतात : काठावरून उडी मारून २५ मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यात तळाची वस्तू हातानं उचलून आणायची आणि पाण्याचे नियम सांगायचे. समुद्रघोड्याचा तो कापडी बिल्ला चड्डीवर शिवून देणारीही तीच. इतकी वर्षं पाण्यापासून दोन मीटरवर बसून ती एकदाही पाण्यात उतरत नाही. मला हे फार विचित्र वाटतं.

आजीबाईंना जमतं म्हणजे जर्मन माणसाच्या रक्तातच पोहणं आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. ऱ्युगन बेटावर बिन्झ नावाचं गाव आहे. तिथून पांढऱ्या खडूच्या कड्यांकडे सहलीच्या बोटी जातात. २८ जुलै १९१२, रविवारची संध्याकाळ. समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्यावर ‘क्रोनप्रिन्झ विल्हेल्म’ या आगबोटीसाठी गर्दी झाली होती. धक्क्याच्या टोकाकडचा भाग कोसळला आणि माणसं पाण्यात पडली. अनेक जण बुडून मेले. सुट्टीचा दिवस, उन्हाळ्याचं पाणी. पडणाऱ्यांना पोहता येत नव्हतं आणि बघणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचवता येत नव्हतं. त्या काळी शंभरात दोन-तीन जर्मनांनाच धड पोहता यायचं, असं सांगतात. या घटनेनंतर वर्षभरानं, १९ ऑक्टोबर १९१३ला, लाइपझिगमध्ये डी.एल.आर.जी. ही जीवरक्षकांची संस्था निघाली. लाल-पिवळ्या कपड्यांत किनाऱ्यावर बसलेली स्वयंसेवक मुलं आपण पाहतो ती हिचीच. आज तिचे साडेपाच लाखांहून अधिक सभासद आहेत. म्हणजे त्या आजीबाई जन्मतःच पोहत आल्या नाहीत. त्यांना कुणीतरी रीतसर शिकवलं. बिन्झला आता १९९४ साली बांधलेला नवा धक्का आहे, ३७० मीटर लांब. गेलात तर टोकापर्यंत चालत जा.

आता विहिरीत शिकलेल्या वीरांकडे वळू. बायका सावलीत बसल्यामुळे वाचतात, पुरुष मात्र बुडतात. २०२४ साली जर्मनीत किमान ४११ माणसं बुडून गेली, असा डी.एल.आर.जी.चा हिशेब आहे. दरवर्षीच्या आकड्यांत साधारण पाचातले चार पुरुष असतात आणि बहुतेक मृत्यू समुद्रात नव्हे, तर नद्या आणि तलावांत होतात, जिथे पहारा नसतो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, कऱ्हाडकडचे. लहानपणी कृष्णेच्या पुरात पोहलेले, असं ते सांगतात आणि मी खरंही मानतो. दोन वर्षांपूर्वी ओस्टझेवर, दोन बिअर झाल्यावर त्यांनी बोटीवरून झकास सूर मारला. पाणी १७ अंश. वर आले ते तोंड उघडं ठेवूनच. आवाज नाही, हात नुसते पाण्यावर आपटतायत. थंड पाण्यात एकदम पडलं की पहिलं मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, छाती धाप टाकत सुटते. पोहता येतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. कप्तानानं क्षणाचाही वेळ न घालवता कडं फेकलं. ‘उताणे व्हा, काही करू नका, नुसतं तरंगा,’ एवढंच तो दोनदा ओरडला. दोन मिनिटांत श्वास जागेवर आला आणि ते शिडीनं वर आले. नंतर बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

त्यात आणखी एक भानगड आहे. भूमध्य समुद्रात मीठ पावणेचार टक्क्यांच्या वर असतं, ते माणसाला उचलून धरतं. जर्मनीच्या ओस्टझेत ते खूपच कमी, ऱ्युगनच्या आसपास टक्काभरसुद्धा नाही. मायोर्कात सहज तरंगलात म्हणून इथेही तसंच होईल असं नाही. तेव्हा शिडीनं उतरा, आधी हातापायांवर आणि छातीवर पाणी घ्या, आणि तिकिटात आहे म्हणून ती बिअर पोहण्याआधी संपवू नका. हवेची गादी आणि फुगवलेला मगर ही खेळणी आहेत, वारा फिरला की ती मुलासकट निघतात. कप्तानाकडे बांधायचं जॅकेट मागायला संकोच करू नका, ते तर खरोखरच तिकिटात असतं. मुलांच्या बाबतीत एवढं ध्यानात ठेवा की झेपफेर्डशन मिळालेलं मूल सुरक्षित पोहणारं धरत नाहीत. ब्राँझचा बिल्ला मिळेपर्यंत बोटीवर त्याच्या अंगावर जॅकेट हवंच, ते कितीही भांडलं तरी.

त्याच सहलीत एक वहिनी होत्या. वय सत्तेचाळीस, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेलेली. दर मंगळवारी संध्याकाळी त्या कुठे जातात हे फक्त त्यांच्या यजमानांना माहीत होतं. गावच्या तलावावरच्या मोठ्यांच्या वर्गात त्यांनी नाव घातलं होतं. एकूण आठ जण, त्यात एक सीरियन बाई, एक साठीचे जर्मन मास्तर, ज्यांनी ही गोष्ट चाळीस वर्षं लपवली होती. पहिले चार मंगळवार नुसतं तोंड पाण्यात घालून फुगे सोडणं. बोटीवर वहिनी लांब बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा वेष घालून शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसल्या, पाय पाण्यात. दहा मिनिटं झाली. मुलगी खालून म्हणाली, ‘आई, मी आहे ना इथे.’ त्या म्हणाल्या, ‘तू जरा लांब हो, मला पाय मारायला जागा लागते.’ आणि सुटल्या. बोटीला अर्धी फेरी मारून पलीकडच्या नावेच्या शिडीनं वर आल्या. त्यांच्या पर्सकडे तेवढा वेळ कुणाचंच लक्ष नव्हतं.

ज्यांना मनात आहे त्यांच्यासाठी थोडं. मोठ्यांचे वर्ग बऱ्याच शहरांत पालिकेच्या तलावांवर आणि डी.एल.आर.जी.च्या गावोगावच्या शाखांकडे असतात. जागा लवकर भरतात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच चौकशी करा. काही तलावांवर आठवड्यातून एक वेळ फक्त बायकांसाठी राखलेली असते. पोहण्याच्या कापडाचा पूर्ण वेष पुष्कळ ठिकाणी चालतो, सुती सलवार-कमीज चालत नाही, आणि चालली तरी घालू नये, भिजली की ती खाली ओढते. चष्मा असेल तर नंबरचा पोहण्याचा चष्मा मिळतो, समोरचं घड्याळ दिसलं की भीती अर्धी होते म्हणतात त्या वहिनी. कपाटासाठी बहुतेक ठिकाणी एक युरोचं नाणं लागतं, ते सुटं बरोबर ठेवा.