गोळ्यांची सोय रत्नागिरीतच हवी

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार दुर्मीळ. अमेरिकेतल्या एका पाहणीत दर 10 लाखांमागे वर्षाला जेमतेम 2 ते 3 रुग्ण आढळले. पण ज्या घरात तो शिरतो, तिथे वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. आधी स्टिरॉइडचे मोठे डोस, अनेकांना काही महिने सायक्लोफॉस्फमाइड, मग अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटच्या गोळ्या, त्याही वर्षांच्या हिशेबाने. आपल्याकडे त्याआधी क्षयाची शंका फेडावी लागते. क्षयाच्या मेंदूज्वरातही याच वाहिन्या सुजतात.

खरी कसोटी घरी परतल्यावर. स्टिरॉइडने चेहरा सुजतो, साखर वाढते, शिवाय बरंही वाटू लागलेलं असतं. मग माणूस ते परस्पर बंद करतो. अनेक महिने बाहेरून मिळालेलं स्टिरॉइड एकाएकी तुटलं की शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल पुरत नाही, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. विचारायला रत्नागिरीहून जायचं कुठे? आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर कोकण रेल्वेने मुंबई. पावसाळ्यात तेही बेभरवशाचं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल रुग्णांच्या उपचारांवर आहे. ही लढाई मात्र घरच्या गोळ्यांवर आणि पांढऱ्या पेशींच्या नियमित तपासणीवर चालते. रत्नागिरीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात ही तपासणी, गोळ्या आणि स्टिरॉइडचा डोस हळूहळू उतरवण्याचा मराठीत लिहिलेला तक्ता मोफत मिळालाच पाहिजे. आणि घरच्यांना कळकळीची विनंती: डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी थांबवू नका.