पेशीला कुणाचे नाव द्यावे?

नवा शोध ज्याने लावला त्याचे नाव त्या शोधाला देण्याची चाल शास्त्रात फार जुनी आहे. मूत्रपिंडातील सूक्ष्म गोलकांना माल्पिघीचे नाव मिळाले. अंतर्कर्णातील श्रवणेंद्रियाला कॉर्टीचे मिळाले. या चालीच्या मुळाशी कृतज्ञता आहे, म्हणून ती निर्दोष असलीच पाहिजे, असे आपण सहसा न तपासताच मानतो. परंतु मानवी फुप्फुसातील एका लहानशा पेशीने ही समजूत मुळापासून हलविली आहे. तिचे पंचाहत्तर वर्षे चाललेले नाव जगातील विद्वानांनी विचारपूर्वक बदलले. हे नामांतर योग्य होते काय, आणि तेवढ्याने सारे भागले काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम त्या पेशीच्या घरापर्यंत जाऊ. आपण घेतलेला श्वास नाकातून घशात व तेथून श्वासनलिकेत उतरतो. ही नलिका सुमारे ११ सेंटीमीटर लांब असून कूर्चेच्या १६ ते २० अर्धकड्यांनी ती उघडी राखलेली असते. तिच्या आतल्या अस्तरात दोन प्रकारच्या पेशी प्रामुख्याने दिसतात. चषकाच्या आकाराच्या पेशी चिकट श्लेष्मा स्रवतात, आणि त्यांच्या शेजारच्या पेशींवर प्रत्येकी सुमारे २०० सूक्ष्म रोम असतात. हे रोम सेकंदाला दहा-वीस वेळा एकाच दिशेने हेलकावतात आणि धूळ चिकटलेला श्लेष्मा घशाकडे ढकलीत राहतात. झाडलोटीची ही व्यवस्था आपण झोपेत असतानाही चालू असते.

पुढे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात, त्यांना आणखी फाटे फुटतात, आणि अशी विभागणी सुमारे २३ वेळा होते. नळ्या एक मिलिमीटरहून अरुंद झाल्या की त्यांना श्वसनिका म्हणतात. येथे कूर्चा संपते आणि चषकपेशीही हळूहळू दिसेनाशा होतात. अखेरीस वायुकोश येतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून त्यांची संख्या सरासरी ४८ कोटी भरते. एकेक वायुकोश जेमतेम पाव मिलिमीटरचा, पण ते सारे पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कित्येक ठिकाणी एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनही पातळ असतो.

श्वसनिका या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहेत. मोठ्या नळ्यांतील श्लेष्मा येथे चालणार नाही, कारण त्याने त्या बुजून जातील; आणि वायुकोशाचे नाजूक अस्तरही येथे पुरेसे नाही, कारण धूळ व धूर येथपर्यंत पोहोचतात. या सीमेवर निसर्गाने एक निराळी पेशी ठेवली आहे. तिच्यावर रोम नाहीत. तिचा माथा घुमटासारखा फुगून शेजारणींच्या वर डोकावतो. ती अस्तराचे रक्षण करणारे प्रथिन स्रवते, श्वासाबरोबर आलेल्या काही विषारी द्रव्यांचे विघटन करते, आणि शेजारच्या रोमधारी पेशी जखमी होऊन गळून पडल्या तर स्वतः विभागून त्यांची जागा भरून काढते. चौकीदार, वैद्य आणि गवंडी अशी तिन्ही कामे करणाऱ्या या पेशीला वैद्यकाच्या पुस्तकांतून ‘क्लारा पेशी’ म्हणत असत.

माक्स क्लारा यांचा जन्म १८९९ साली टायरॉल प्रांतात झाला. १९३५ साली ते जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. ते नाझी पक्षाचे क्रियाशील सभासद होते आणि त्यांच्या उत्कर्षात त्या पक्षनिष्ठेचा वाटा होता. १९३७ साली त्यांनी श्वसनिकांच्या अस्तरावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याकरिता त्यांनी देहदंड झालेल्या बंदिवानांच्या शरीरातील ऊती वापरल्या होत्या.

असे का व्हावे, याचे उत्तर सूक्ष्मरचनेतच आहे. मृत्यूनंतर फुप्फुसाच्या अस्तराचा ऱ्हास काही तासांतच सुरू होतो. पेशी सैल होतात, गळतात, आणि काचपट्टीवर पाहण्याजोगे थोडेच उरते. रुग्णालयात मरण पावलेल्या माणसाचे फुप्फुस बहुधा रोगाने आधीच बिघडलेले असते. निरोगी माणसाची ताजी ऊती हवी असेल, तर मृत्यूची वेळ आधी ठाऊक असली पाहिजे. ती वधस्थानी ठाऊक असते. नाझी राजवटीत देहदंडाची संख्या वाढत गेली. राज्यकर्त्यांविरुद्ध बोलणे हाही मरणाचा अपराध ठरू लागला. आणि शरीररचनेच्या संस्थांना ताज्या प्रेतांचा तुटवडा उरला नाही. राजवटीचे क्रौर्य हीच तेथील प्रयोगशाळेची सोय झाली.

२०१० साली विंकेलमान व नोआक या दोन जर्मन संशोधकांनी ही हकीकत साधार मांडली. त्यानंतर श्वसनविषयक प्रमुख नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन ठरविले की, १ जानेवारी २०१३ पासून या पेशीला ‘क्लब सेल’ म्हणजे गदाकार पेशी म्हणावे, आणि दोन वर्षे जुने नाव कंसात द्यावे, म्हणजे वाचकांचा घोटाळा होणार नाही.

या निर्णयावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ज्ञान हे ज्ञान आहे. पेशी खरी असेल तर ती पाहणाऱ्याच्या शीलाशी आपणांस काय कर्तव्य? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. पेशी खरी आहे, म्हणूनच तिचे वर्णन कोणी पुस्तकातून काढून टाकलेले नाही. परंतु वर्णन आणि नाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्णन हे सत्य आहे. नाव हा सन्मान आहे. सत्य कुणाकडूनही स्वीकारावे, सन्मान मात्र कुणालाही देऊ नये. शिवाय या पेशी स्विस शास्त्रज्ञ क्योलिकर यांनी १८८१ सालीच नमूद केल्या होत्या. तेव्हा आद्य शोधकाचा मान म्हणूनही ते नाव टिकत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सोळाव्या शतकातील थोर शरीररचनाकार वेसेलियस यांनीही फासावरील प्रेते चिरली होती. इंग्लंडमध्ये १७५२ च्या कायद्याने खुनी अपराध्यांची प्रेते विच्छेदनासाठी दिली जात, आणि १८३२ च्या कायद्याने ती पाळी बेवारस गरिबांवर आली. मग कुणाकुणाची नावे पुसावयाची? माझे उत्तर असे आहे की, सर्वांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. जुन्या प्रथेत जन्मलेला आणि तिच्यापलीकडे न पाहू शकलेला माणूस एक. ज्या राजवटीने वधस्थाने गजबजविली तिचाच कार्यकर्ता होऊन त्या वधांचा लाभ घेणारा माणूस दुसरा. सीमारेषा आखणे कठीण आहे, म्हणून ती आखूच नये, हा न्याय आपण अन्य कोणत्याही व्यवहारात मानीत नाही.

कुणी म्हणेल, तो बंदिवान खरोखरीच अपराधी असला तर? तरीही फरक पडत नाही. न्यायालयाने त्याचा प्राण मागितला होता. त्याचे फुप्फुस मागावयाचे असेल तर ते त्याच्यापाशीच मागावयास हवे होते, आणि नकार मिळाला असता तर तो मानावयास हवा होता.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूचा आहे: नाव गेले की गोष्टही जाते. हा मला सर्वांत वजनदार वाटतो. ‘गदाकार पेशी’ हे नाव स्वच्छ आहे. इतके स्वच्छ की, त्यामागे काही घडले होते याची शंकाही उद्याच्या विद्यार्थ्यास येणार नाही. म्हणून नाव शिरोभागी नको, पण त्याची हकीकत तळटीपेत अवश्य हवी. सन्मान काढून घ्यावा, स्मृती काढून घेऊ नये.

तथापि जर्मनीकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. १९४९ चा मुंबई राज्याचा शरीररचना कायदा आणि १९५७ चा कर्नाटकाचा कायदा यांनी बेवारस प्रेते वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची व्यवस्था केली. आपल्या सीमाभागाने या दोन्ही राज्यांचा अंमल पाहिला आहे. या कायद्यांची तुलना नाझी वधस्थानांशी करणे अन्यायाचे होईल; डॉक्टर घडावयाचे तर देह लागणारच. पण ज्याच्या देहावर आपले डॉक्टर घडले, त्या रस्त्यावर मरण पावलेल्या निराश्रिताला तरी कुणी कधी विचारले होते? त्याचे नावही नोंदवहीत बहुधा नसते.

याला उपाय आहे, आणि तो आपल्या बेळगावानेच दाखविला आहे. २०१० साली येथील एका आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकविणाऱ्या एका वैद्याने आपल्या दिवंगत वडिलांच्या देहाचे विच्छेदन स्वतःच्या हाताने केले. तशी त्या वडिलांचीच इच्छा होती. लाइपझिगमधील टेबल आणि बेळगावातील टेबल यांवर शास्त्राच्या दृष्टीने एकच घडले: मानवी देह उघडला गेला. माणुसकीच्या दृष्टीने मात्र त्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एके ठिकाणी देह घेतला गेला, दुसऱ्या ठिकाणी तो दिला गेला.

म्हणून माझे मत असे की, नामांतर हे योग्यच होते, परंतु ते कार्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. शोधकाचे नाव पेशीला द्यावे की न द्यावे, यावर विद्वान वाद घालोत. त्याआधी एक साधा नियम आपण पाळावा. शाळेच्या प्रयोगशाळेत असो की महाविद्यालयात, मानवी ऊतीची प्रत्येक काचपट्टी आणि पुस्तकातील तिचे प्रत्येक चित्र यांखाली ती कशी मिळाली, संमतीने की संमतीवाचून, हे एका ओळीत लिहिलेले असावे. आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे वैद्यकाकडे वळतील, त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावण्यापूर्वी ती ओळ वाचण्याची सवय लावून घ्यावी. ती ओळ तेथे नसेल, तर ती का नाही, हे आपल्या गुरुजनांना निर्भयपणे विचारावे. पेशी किती जणांनी पाहिली याची नोंद शास्त्र चोख ठेवते. ती कुणाची होती याची नोंद ठेवणे हेही शास्त्राचेच काम आहे.