मौनाने दिलेले अभय

गडचिरोलीहून पहाटेची एसटी धरून नागपूर खंडपीठाच्या दारी येणाऱ्या पक्षकाराची श्रद्धा न्यायासनावर असते. आसनस्थ व्यक्तीचे नावही त्याला बहुधा ठाऊक नसते. ती व्यक्तीच दोषी असेल तर तिला दूर कोणी करावयाचे? राज्यघटनेने हे दायित्व संसदेवर सोपविले आहे. यालाच रूढ भाषेत महाभियोग म्हणतात.

या तरतुदीची खरी कसोटी १९९३ मध्ये लागली. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरील आरोप ते पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असतानाच्या खर्चाविषयी होते. मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्या. पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. ११ मे रोजी लोकसभेत मतदान झाले, तेव्हा लातूरचे शिवराज पाटील सभापती होते. प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. तरीही प्रस्ताव बारगळला! सत्तारूढ काँग्रेस व मित्रपक्षांचे २०५ सदस्य तटस्थ राहिले होते.

हे घडले कसे? आपल्याकडे उपस्थित व मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत पुरेसे नाही. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही लागते. त्यामुळे मौन हेच अभय ठरते, आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाकडेही राहत नाही.

अमेरिकेत प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप निश्चित करते आणि सिनेट न्यायनिवाडा करते. तेथे उपस्थितांच्या दोन-तृतीयांश मतांनी दोषसिद्धी होते. नाव पुकारताच प्रत्येक सिनेटर 'दोषी' की 'निर्दोष' ते सांगतो. पक्षनिष्ठा तेथेही प्रबळ आहे. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने बचावले. पुढे क्लिंटन व ट्रम्पही सुटले. पण ८ संघीय न्यायाधीशांना सिनेटने पदच्युत केले आहे. भारतात संसदेने अद्याप एकाही न्यायाधीशाला दूर केलेले नाही. २०११ मध्ये राज्यसभेने प्रस्ताव संमत केल्यावर न्या. सौमित्र सेन यांनी लोकसभेतील मतदानापूर्वीच राजीनामा दिला.

न्यायाधीशाला सहजासहजी हटविता येऊ नये, हे योग्यच. अन्यथा प्रत्येक अप्रिय निकालानंतर सत्ताधीश त्याच्यावर उठतील. परंतु चौकशी समितीने दोषी ठरविल्यावर तरी प्रत्येक खासदाराने आपले मत नावानिशी नोंदविले पाहिजे. न्यायाधीशाला निकालाची कारणे द्यावी लागतात. त्याचा न्याय करणाऱ्याने मात्र मौन पाळावे, हे खंडपीठाच्या दारी उभ्या पक्षकाराला कसे पटावे?