विद्यार्थ्याची लेखणी कोणी मोडली?

येत्या सत्रात दुबई, शारजा, अबुधाबी आणि अल ऐन येथील विद्यापीठांत हजारो तरुण पुन्हा प्रथम वर्षाच्या लेखनवर्गात जाऊन बसतील. त्यांत मराठी घरांतली मुले असतील. मल्याळी, पाकिस्तानी, इजिप्शियन आणि खुद्द अमिराती मुलेही असतील. १९९५ साली दुबईत आणि १९९७ साली शारजात अमेरिकन विद्यापीठे उभी राहिली, आणि त्या धर्तीच्या संस्थांत अभियांत्रिकीचा असो वा व्यापारशास्त्राचा, कोणत्याही विद्यार्थ्याला निबंधलेखनाचा हा वर्ग चुकत नाही. आपला विचार चार परिच्छेदांत सरळ, सप्रमाण मांडता न येणारा माणूस पदवीस अपात्र होय, हे तत्त्व यामागे आहे आणि ते आम्हांस शिरोधार्य आहे. जेथे हे तत्त्व प्रामाणिकपणे पाळले जाते तेथील अध्यापकांना आमचा आदरपूर्वक नमस्कार. पण ज्या संस्थांनी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर 'स्वतंत्र विचार' आणि 'प्रभावी अभिव्यक्ती' हे शब्द छापून पालकांकडून वर्षाला पन्नास हजार दिरहम आणि त्याहूनही अधिक शुल्क वसूल करायचे आणि ती अभिव्यक्ती जेथे घडायची तोच वर्ग उपाशी ठेवायचा असा धंदा मांडला आहे, त्यांना आम्ही आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आहोत.

हा वर्ग कशासाठी जन्मला, ते त्यांनी आधी ऐकावे. १८७४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेशार्थींकडून इंग्रजी निबंध लिहून घेण्यास प्रारंभ केला आणि देशातील उत्तमोत्तम शाळांतून आलेल्या धनिकपुत्रांना स्वतःच्या मातृभाषेतही स्वच्छ लिहिता येत नाही, हे चव्हाट्यावर आले. हार्वर्डने त्या पोरांवर चोरीचा आळ घेतला नाही. १८८५ पासून लेखनाचा वर्ग प्रथम वर्षालाच आणला आणि त्यांच्याकडून लिहून घेऊन, तपासून, परत लिहून घेतले. त्याच १८७४ च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर या तेवीस वर्षांच्या शिक्षकाने 'निबंधमाला' सुरू केली आणि पुढे तिचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहून मराठी गद्याचा कणा ताठ केला. लिहिणे येते ते लिहून, जाणत्या वाचकाचा प्रहार सोसून आणि पुन्हा लिहून. दुसरा मार्ग तेव्हा नव्हता, आजही नाही.

आता हिशेब मांडू, कारण शिक्षणाच्या या व्यापाऱ्यांना हिशेबाचीच भाषा कळते. अमेरिकेतील लेखनाध्यापकांच्या परिषदेचे म्हणणे असे की अशा वर्गात पंधरा विद्यार्थी असावेत, वीसच्या वर तर नसावेतच. ही वीसची मर्यादा पाळली आणि एका अध्यापकाकडे चार वर्ग दिले, तर झाले ऐंशी विद्यार्थी. प्रत्येकाने सत्रात चार निबंध लिहावेत आणि प्रत्येक निबंधाचा कच्चा व पक्का असे दोन मसुदे अध्यापकाने वाचावेत, म्हणजे ६४० मसुदे. एका मसुद्याला वीस मिनिटे धरली तर २१३ तास होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चौदा तास निव्वळ वाचनाचे, आणि शिकवणे, वर्गाची तयारी, एकेका विद्यार्थ्याला शेजारी बसवून त्याचे वाक्य उलगडून दाखवणे हे सारे त्याहून वेगळे. वर्गात वीसऐवजी तीस खुर्च्या टाकल्या की हे गणित कोलमडते. मग कच्चा मसुदा वाचला जात नाही, शेरा 'गुड' आणि 'अनक्लिअर' या दोन शब्दांवर येतो आणि विद्यार्थ्याला आपले वाक्य नेमके कोठे लंगडले हे कधीच कळत नाही. मुदतीच्या करारावर राबणाऱ्या आणि नोकरी गेली की ज्याचा निवास-परवानाही धोक्यात येतो अशा अध्यापकाने याविरुद्ध व्यवस्थापनाकडे आवाज चढवावा, अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो गप्प बसतो आणि त्याचे ते मौन म्हणजे सारे आलबेल असल्याचा दाखला मानला जातो.

ज्यांनी निबंध वाचायला माणूस दिला नाही, त्यांनी निबंधावर पहारा ठेवायला मात्र यंत्र तत्परतेने आणले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी जगापुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये लेखनातील चोरी शोधणाऱ्या टर्निटिन या कंपनीने यंत्रलिखित मजकूर ओळखणारे साधन बाजारात उतरवले. आणि जगभरच्या विद्यापीठांना जणू मोक्ष सापडला. या साधनांची लायकी काय? त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांच्यापुढे ठेवले असता, या साधनांनी त्यांतील सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून ठोकून दिले! कारण सरळ आहे. परक्या भाषेत लिहिणारा जपून लिहितो, ओळखीचे शब्द वापरतो, सुरक्षित वाक्यरचना धरून चालतो. आणि यंत्राचा संशय नेमका अशाच लेखनावर बसतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये गुंडाळले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने पुढच्याच महिन्यात टर्निटिनचे हे साधन बंद केले. केवळ साधनाने दिलेल्या टक्केवारीवरून कोणावर कारवाई करू नये, असे खुद्द टर्निटिन सांगते. आता वाचकहो, अमिरातीच्या वर्गाकडे पाहा. ज्या देशातील वर्गात इंग्रजी मातृभाषा असलेला विद्यार्थी शोधून काढावा लागतो, जेथे अरबी, मराठी, उर्दू, मल्याळम बोलणारी पोरे परक्या भाषेत धडपडत पहिले प्रामाणिक वाक्य उभे करू पाहतात, तेथे हे आंधळे साधन न्यायाधीशाच्या आसनावर बसवणे आणि त्याने फेकलेल्या टक्केवारीवर अठरा वर्षांच्या मुलाला शिस्तपालन समितीपुढे खेचणे, याला आम्ही शिक्षण म्हणत नाही. हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे.

यंत्राकडून लिहून घेऊन ते आपले म्हणून खपवणाऱ्या विद्यार्थ्याचा कैवार आम्ही घेत नाही. त्याला शून्य गुण मिळावेत. परंतु त्याला या वाटेवर कोणी आणून सोडले, हे विचारल्यावाचून आम्ही राहणार नाही. २०२५-२६ पासून अमिरातीच्या सरकारी शाळांत बालवर्गापासून बारावीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकवण्याचे शासनाने ठरवले. विद्यापीठांच्या जाहिरातींत हेच दोन शब्द सर्वांत ठळक टाइपात झळकतात. आणि तोच विद्यार्थी लेखनवर्गात पाऊल टाकतो तेव्हा या यंत्राशी कसे वागावे, त्याचे कोणते वाक्य नाकारावे, त्याने दिलेला खोटा संदर्भ कसा पकडावा, याचे मार्गदर्शन त्याला मिळतेच असे नाही. मिळते ती धमकी. याच देशाने २०१६ साली वाचनाचा राष्ट्रीय कायदा केला आणि २०२२ साली दुबईत लाकडी रिहालीच्या, म्हणजे ग्रंथ ठेवण्याच्या घडीच्या चौकटीच्या आकाराचे भव्य मोहम्मद बिन रशीद ग्रंथालय उभारले. शासनाने वाचनासाठी एवढा खजिना रिता केला. विद्यापीठांना मात्र त्या वाचनातून लेखन उगवण्यासाठी जादा अध्यापक परवडत नाहीत. प्रवेशासाठी घेतली जाणारी एमसॅट परीक्षा २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द झाली, तेही उत्तमच. पण परीक्षा उठवल्याने कोणाला लिहिता येत नाही. लिहिता येते ते शिकवल्याने, आणि शिकवायला पैसा लागतो. हा पैसा इमारतीच्या काचेवर खर्च होतो, वर्गातल्या माणसावर होत नाही. हेतू स्पष्ट आहे.

आता आमच्याच माणसांना चार शब्द सुनावणे भाग आहे. शारजात आणि दुबईत राहणारा मराठी पालक मुलाच्या जेईई आणि नीटच्या शिकवणीवर पाण्यासारखा पैसा ओततो, आठवीपासून त्याला गाइडमधला निबंध घोकायला लावतो, 'पावसाळ्यातील एक दिवस' वाळवंटात वाढलेल्या पोराकडून पाठ करून घेतो. आणि बारावीनंतर विद्यापीठाच्या अर्जासोबत द्यायचा आत्मकथनपर मजकूर एखाद्या सल्लागाराला पैसे मोजून लिहून घेतो. स्वतःबद्दलची पाचशे शब्दांची ओळखही ज्या घरात विकत आणली जाते, त्या घरातल्या मुलाने पुढे यंत्राकडे हात पसरला तर बापाने कपाळाला हात लावण्याचे कारण नाही. लबाडीचा पहिला धडा त्याने घरात गिरवला आहे. पुण्याच्या सिंबायोसिसनेही २०२४ साली दुबईत परिसर उघडला. म्हणजे हा प्रश्न आता 'तिकडचा' म्हणून महाराष्ट्राला झटकता येणार नाही.

आमचा निर्णय असा. प्रथम वर्षाचा लेखनवर्ग ज्या संस्थेत गर्दीने गुदमरवला जातो, जेथे मसुदा माणूस वाचत नाही आणि जेथे यंत्राच्या टक्केवारीला पुरावा मानून विद्यार्थ्याची अब्रू घेतली जाते, त्या संस्थेला विद्यापीठ म्हणवण्याचा अधिकार उरलेला नाही. पालकांनी शुल्काचे पुढील तारखांचे चेक प्रवेशकक्षाच्या टेबलावर ठेवण्यापूर्वी तेथल्या अधिकाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: लेखनाच्या एका वर्गात मुले किती, निबंध परत लिहायला किती वेळा मिळतो, आणि आरोप झाला तर मुलाचे कच्चे मसुदे पाहून त्याचे म्हणणे कोण ऐकतो. उत्तरे लेखी मागावीत. ती मिळेपर्यंत चेकवर सही करू नये.